बाराला एक

आमच्या शिल्हा गावात धारासनी मातेचं देऊळ आहे आणि देवळाच्या पायथ्याशी एक दगड आहे. देवळासाठी लोक दोन-दोन दिवसांची वाट तुडवत येतात. दगडाचं नाव मात्र कोणी आनंदानं घेत नाही. त्याला थांब्या म्हणतात. तिथून वर एकशे चाळीस पायऱ्या आहेत, उभ्या, अरुंद आणि झिजलेल्या. ज्याला त्या चढवत नाहीत त्यानं थांब्यावर बसायचं, आपलं फूल आणि तूप दुसऱ्याच्या हाती वर पाठवायचं, वरून आलेला टिळा कपाळाला लावायचा आणि मुकाट घरी जायचं. म्हातारीला किलट्यात, म्हणजे पाठीवरच्या टोपलीत, बसवून नेऊ म्हटलं तर तेही चालत नाही. शेण, सफरचंदं, गवत, आजारी करडू, सगळं आमच्या बायका किलट्यात घालून पाठीवर वाहतात, पण थांब्यापासून वर माणूस वाहायचा नाही. तिथे माणसांच्या अंगावर बसून फिरणार ती एकटी माता, असा दंडक आहे.

माझे बापू सात वर्षं त्या दगडावर बसले.

बापू म्हणजे नूपराम. बत्तीस वर्षं त्यांनी मातेचा रथ खांद्यावर वाहिला. रथाला चाकं नसतात, दोन लांब दांड्या असतात आणि चार भोई. पुढची उजवी दांडी बापूंची. त्यांच्या उजव्या खांद्यावर लिंबाएवढा घट्टा आहे, आणि लहानपणी मला वाटायचं की सगळ्यांच्याच बापांना तो असतो. मग एका आश्विनात अक्रोड झोडपायला ते झाडावर चढले आणि फांदी मोडली. कमरेखालचं सगळं गेलं. सरकारी शिबिरात चाकांची खुर्ची मिळाली. ती अंगणात फिरते, आणि अंगणाला लागून थांब्या, तिथवर जाते. वर ढोल वाजला की बापू खुर्चीवरून दगडावर सरकतात आणि डोळे मिटून ऐकतात. कुठल्या वळणावर रथ आला, कोणाचं पाऊल चुकलं, हे आवाजावरून सांगतात. मला ते ऐकवत नसे. चांगला धडधाकट छातीचा माणूस, आणि देवीच्या दारात भिकाऱ्यासारखा बसायचा! माझं डोकं फिरायचं.

मी खिमी. नवरा सफरचंदाचा ट्रक घेऊन वर्षातले सात महिने दिल्लीच्या रस्त्यावर असतो, म्हणून मी बापूंजवळ राहते आणि रस्त्याच्या कामावर मुकादम आहे. वीस बायका माझ्या हाताखाली आहेत. दगड कसा बसवायचा, पाणी कुठून काढून द्यायचं, चढ किती ठेवायचा, हे मला कळतं. चाकाच्या खुर्चीला बाराला एक चढ लागतो, म्हणजे बारा हात पुढे जायचं तेव्हा एक हात वर. एका साहेबानं ते सांगितलं आणि माझ्या डोक्यात पक्कं बसलं. मी दोरी घेऊन मोजत सुटले. पायऱ्या सरळ डोंगराच्या नाकावर चढतात. पण आमच्या बागेतून निघून, अक्रोडाला वळसा घालून, मग मातेच्या कुरणातून चार वळणं घेतली, तर साडेतीनशे पावलांत देवळाच्या अंगणात बाराला एकनं पोचता येत होतं. कोणाच्या खांद्यावर नाही आणि पाठीवर नाही. बापूंचे हात तर अजून असे आहेत की कुस्तीगीर लाजावा. दंडक जागच्या जागी राहील आणि माणूस वर जाईल. मला वाटलं, यात नाही म्हणण्यासारखं आहे काय?

मी कारदारांकडे गेले. देवस्थानाचा सगळा कारभार बघणारे आमचे कारदार हुकमराम म्हणजे साठीचे, काटक आणि कोरडे गृहस्थ. हसले तर टोपी पडेल अशी भीती असल्यासारखे वागतात.

"हुकम काका, कुरणातून वाट काढायची आहे," मी म्हटलं. "चाकाची. सगळं काम मी करते, तुम्ही फक्त हो म्हणा."

"कुरणात वर्षातून एकदा विळा लागतो, कुदळ कधीच नाही."

"वाट झाली तर थांब्यावर कोणी बसणार नाही. गेल्या जत्रेला मोजले मी, अकरा जण बसले होते. एक तर लष्करातला पोरगा, पाय गेलेला."

"माझ्यापेक्षा तुला जास्त माहीत आहे का थांब्यावर कोण बसतं?" त्यांचा आवाज एकदम चढला. मग टोपी सारखी करून म्हणाले, "रस्त्यावर तू मुकादम असशील पोरी. इथे मुकादम माता आहे. सैरीच्या सणाला विचारू तिला."

विचारणं म्हणजे काय, ते आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. रथ उचलायचा, प्रश्न मोठ्यानं घालायचा, आणि रथ पुढे आला तर हो, मागे गेला तर नाही. भोई फक्त खाली उभे असतात, ओढते ती माता. लग्नं, वाटण्या, पाण्याचे पाट, सगळं याच कौलावर चालतं, आणि एकदा कौल झाला की कोर्टसुद्धा आमच्याकडे तोंड वर करून बोलत नाही.

सैरीच्या दिवशी अंगण माणसांनी भरलं होतं. करनाळ, आमचे लांब कर्णे, वाजले, रथ उठला, मातेचे चांदीचे मुखवटे उन्हात झळाळले. कारदारांनी खणखणीत आवाजात विचारलं, "माते, नूपरामची खिमी तुझ्या कुरणातून चाकाची वाट मागते. द्यायची असेल तर पुढे ये."

रथ डुलला आणि अर्धं पाऊल पुढे आला. आणि मग तो मागे गेला, एक, दोन, तीन पावलं, थेट देवळाच्या भिंतीपर्यंत. ढोल थांबला.

माझी जीभ मला नेहमीच नडते. मी भर अंगणात ओरडले, "तुला काय कळणार चढ! जन्मभर चौघांच्या खांद्यावर बसतेस. तुझे पाय तरी जमिनीला लागलेत का कधी?"

म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. कारदारांनी तिथल्या तिथे निवाडा दिला की खिमीनं वाटीभर तूप वाहून माफी मागावी. मी तूप वाहिलं. दात-ओठ खात वाहिलं, पण वाहिलं.

घरी आले तर बापू अंगणात वाट बघत होते. ढोल थांबल्याचं त्यांना खालीच कळलं होतं.

"किती पावलं मागे?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"पहिलं पाऊल कसं होतं? दांडी आधी उचलली गेली की आधी दबली?"

"बापू, मी काय दांडीकडे बघत होते? नाही म्हणाली ती. संपलं."

सणाचे वाफवलेले सिड्डू मी तुपात बुडवून पुढे ठेवले, त्यांना बापूंनी हात लावला नाही. मला वाटलं, आशा मोडली म्हणून. मी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ काढली. कुरण मातेचं असेल, बाग माझी होती.

वाटेत सफरचंदाची सहा झाडं आली, ऐन फळावरची. जिवावर आलं, खोटं कशाला सांगू. पण तोडली. बांध फोडला, दगड रचला, पाण्याला चर काढला. दिवसभर रस्त्याचं काम करायचं आणि परत आल्यावर उजेड असेतो आपलं. आठ दिवसांत माझ्या हाताखालच्या बायका स्वतःहून आल्या. इर्जिकच झाली ती. मी राजमा-भात रांधायचा आणि त्यांनी दगड वाहायचे. गाव येता-जाता टोमणे मारायचं.

"खिमी, तुझी ही वाट जाते तरी कुठे ग?"

"सध्या कुरणाच्या बांधापर्यंत."

"आणि मग?"

"मग बांधाला विचारू. तो मागे जात नाही."

बापू खुर्चीत बसून बघत राहायचे. आधी नुसतेच बघायचे, मग दगड निवडून द्यायला लागले. अक्रोडापाशी आलो तेव्हा मी कुऱ्हाड उचलली, तर म्हणाले, "त्याला नको तोडू. त्यानं काही केलं नाही." मी वळण दोन हात मोठं घेतलं. पहिलं बर्फ पडायच्या आत वाट बांधाला जाऊन भिडली, एकशे साठ पावलांची, बाराला एक, एका बोटाचा फरक नाही. पुढे दगडी बांध, आणि बांधापलीकडे मातेचं वाळलेलं कुरण.

त्या दिवशी बापू पहिल्यांदा वाटेवर चढले, स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत. धाप लागली, पण बांधापर्यंत आले. तिथे बसून त्यांनी वर बघितलं. सात वर्षांनी त्यांना देवळाचं छप्पर दिसत होतं. माझे डोळे भरून आले.

ते म्हणाले, "हुकमरामला बोलाव."

"कशाला? पुन्हा नाही ऐकायला?"

"बोलाव म्हटलं ना. जा."

कारदार आले, बांधापलीकडे उभे राहिले. त्यांना वाटलं असावं की नूपराम हातापाया पडणार. चेहरा त्यांनी आधीच घट्ट करून ठेवला होता.

"हुकमराम," बापू म्हणाले, "तुझ्या आईचं अंग गेलं होतं तेव्हा तिला किलट्यात घालून वर न्यायची परवानगी तू मातेला मागितली होतीस. तेवीस वर्षं झाली."

"चोवीस."

"रथ मागे गेला."

"मला सांगतोस? मी समोर उभा होतो."

"माता गेली नाही मागे. मी ढकलला."

मला आधी कळलंच नाही ते काय म्हणाले. कारदारांनाही नसावं.

"पुढच्या उजव्यानं दांडी दाबून एक पाऊल मागे रेटलं की पुरतं," बापू सांगत गेले. "बाकी तिघांना वाटतं तिनंच ओढलं. ते भक्तीनं मागे जातात. रथ तर अर्धं पाऊल पुढे आला होता, तुला आठवत असेल. मला वाटलं, आज तुझी आई, सुंदरी काकी, पाठीवर बसून वर आली, उद्या सगळं खोरं येईल. मग आमच्या खांद्याची शान ती काय राहिली? माझ्या घट्ट्याचा मला माज होता. बास, एवढंच होतं मनात. एक क्षणभर होतं. पण खांद्यानं तेवढ्यात काम केलं."

वारा होता आणि गवत सळसळत होतं. कारदारांनी टोपी काढून हातात घेतली. मी त्यांना उघड्या डोक्यानं पहिल्यांदाच बघत होते.

"तीन महिने मी तिला रोज थांब्यावर आणून बसवत होतो," ते म्हणाले. "थंडीत. ती म्हणायची, बघ रे, आज तरी म्हणेल का हो. मी म्हणायचो, आई, तिची मर्जी नाही, माझा इलाज नाही. माघात गेली ती."

"तिची तिरडी नेताना पुढचा उजवा मीच होतो," बापू म्हणाले.

मला वाटलं आता कारदार त्यांना मारणार. त्यांनी बांधावरचा एक दगड उचललासुद्धा. थोडा वेळ तो हातात धरून उभे राहिले, मग जागच्या जागी ठेवला आणि कुरणातून वर चालत गेले. टोपी हातातच होती.

मी बापूंवर तुटून पडले. "सात वर्षं! सात वर्षं मी त्या मातेला शिव्या घालतेय! भर अंगणात घातल्या, वाटीभर तूप भरलं दंडाचं! आणि तुम्ही इथे गप्प बसून ऐकत होतात?"

"हो."

"मग या वेळी? या वेळी कोणी ढकललं?"

"या वेळचं मला माहीत नाही. मी तिथे नव्हतो."

"तुम्हाला कळतं! दांडी आधी दबली की उचलली, ते म्हणूनच विचारलंत."

"खिमी," ते म्हणाले, "मी एकच गोष्ट नक्की सांगू शकतो आणि ती सांगून झाली."

मी त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाही. भाकरी पुढे आपटायची आणि निघून जायचं. राग होता आणि त्याहून जास्त भीती होती की आता सगळं संपलं. हुकमराम बापूंना गावाबाहेर काढू शकले असते. मातेच्या नावानं खोटा कौल देणं म्हणजे आमच्याकडे साधी गोष्ट नाही. तिसऱ्या दिवशी बर्फ पडलं आणि सगळं गाव घराघरांत कोंडलं गेलं. कारदारांनी कोणालाच काही सांगितलं नाही. हिवाळा असाच गेला.

चैत्रात बर्फ वितळलं, आणि एका सकाळी मी गाईला पेंड घालत असताना वरून कुदळीचा आवाज आला. मी धावत बांधापर्यंत गेले. कुरणाच्या वरच्या टोकाला, देवळाच्या अंगणालगत, कारदार एकटेच खणत होते. टोपी दगडावर ठेवलेली, अंगावरचा लोकरी पट्टू काढून बाजूला टाकलेला.

"काका! न विचारता?"

"विचारलं की चार खांदे बोलतात. त्यांचं मी एकदा ऐकलं." त्यांनी घाम पुसला. "माता रागावली तर माझ्यावर रागावेल. कारदार मी आहे. तिचं आणि माझं आम्ही बघून घेऊ."

"आणि बापू?"

"त्याच्याशी माझं वेगळं काम आहे. ते त्यालाच सांगेन. तुझी दोरी आण."

मी दोरी आणली, लावली आणि कपाळावर हात मारला. "हा काय चढ काढलाय? हा सहाला एक झाला! खुर्ची गडगडत खाली येईल. मोडा हे सगळं."

"तीन तास खणतोय मी."

"तीन तास चुकीचं खणलंत. मोडा."

साठ वर्षांत त्यांना असं कोणी बोललं नसेल. पुटपुटले, पण मोडलं. दुपारी माझ्या बायका आल्या. दुसऱ्या दिवशी गावातले आणखी काही जण आले, काही जण नुसते लांबून बघत राहिले आणि गारपीट होईल, रोग येईल असं भविष्य सांगत राहिले. गारपीट झाली नाही. पाचव्या दिवशी कारदारांचा पुतण्या धनीराम आला. पुढची उजवी दांडी आता त्याची. तो मान खाली घालून सगळ्यांत जड दगड उचलत राहिला, रोज आला आणि सगळ्यांच्या शेवटी गेला. त्यानं काही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

बैशाखीच्या जत्रेला वाट तयार होती. बागेत सफरचंदं फुलली होती. सहा झाडं कमी, पण फुलली होती. सकाळपासून लोक जमले. तो लष्करातला पोरगा पलीकडच्या खोऱ्यातून कुबड्यांवर आला होता, दोन म्हाताऱ्या होत्या, एका बाईच्या हाताला धरून आलेली तिची आंधळी सासू होती. सगळे वाटेच्या तोंडाशी थांबलेले. पहिलं कोणी जायचं, हे कोणी ठरवलं नव्हतं.

कारदार खाली आले. त्यांच्या हातात एक गाठोडं होतं. ते त्यांनी बापूंच्या मांडीवर ठेवलं आणि सोडलं. आत लाल चौकड्यांचा जुना ढाठू होता, डोक्याला बांधायचा, आणि त्याला टोचलेली चांदीची पिन.

"आईचा आहे," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या पाठीवरून तिला येऊ दिलं नाहीस. आता तुझ्या मांडीवरून ने. कोणी हात लावायचा नाही. तू आणि ती."

बापूंनी ढाठू छातीशी बांधला. मग चाकांवर हात ठेवले.

बागेतलं अंतर त्यांनी सहज कापलं. अक्रोडाच्या वळणावर थांबून पाणी प्यायले. बांध जिथे फोडला होता तिथे मान खाली घालून, ओठ हलवत, मातेच्या हद्दीत शिरले. मी मागे चालत होते. कारदार शेजारी, हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. मागून सगळं गाव.

दुसऱ्या वळणानंतर त्यांचे हात सोलवटायला लागले. चाकाच्या कडीवर रक्ताचे डाग दिसले. मी म्हटलं, "बापू, मी नुसतं मागून धरते."

"लांब हो!" ते असे ओरडले की मी जागीच थांबले.

तिसऱ्या वळणावर दम संपला. हात निसटला आणि खुर्ची मागे यायला लागली. एक हात, दोन हात. कोणीतरी किंचाळलं. बापूंनी चाकं पकडायचा प्रयत्न केला, पकड लागेना. तेवढ्यात कारदारांनी पायानं एक दगड सरकवून चाकामागे दिला. खुर्ची थांबली. त्यांचे हात तसेच पाठीमागे होते.

बापूंनी वर बघितलं.

"दगडाला हात म्हणत नाहीत," कारदार म्हणाले. "श्वास घे. घाई कसली? ती चोवीस वर्षं थांबली आहे."

बापूंनी श्वास घेतला. ढाठू पुन्हा नीट बांधला, तळहात विजारीला पुसले आणि निघाले. शेवटची साठ पावलं मला कधी संपतील असं झालं होतं. दर चार पावलांवर थांबायचे आणि दर वेळी कारदारांचा पाय तो दगड पुढे सरकवायचा. त्यातली अर्धी चढून झाल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं आणि ढोल सुरू झाला, हळू, त्यांच्या हातांच्या चालीवर.

अंगणात रथ बाहेर आणून ठेवला होता. बापूंनी खुर्ची त्याच्या समोर आणली. आधी मातेकडे बघितलंच नाही. छातीचा ढाठू सोडला, वाकून फरशीवर पसरला, पिन सरळ केली. म्हणाले, "काकी, पोचवलं तुला. उशीर झाला." मग मान वर केली, आणि नंतर पुष्कळ वेळ खाली केलीच नाही. मी रडले. उगाच कशाला लपवू, मोठ्यानं रडले.

भोयांनी रथ उचलला. कोणी काही विचारलं नव्हतं. पण रथ डुलला आणि पुढे यायला लागला, खुर्चीच्या दिशेनं, एक पाऊल, मग आणखी एक. लोकांनी जयजयकार सुरू केला. कारदार मात्र बापूंच्या खुर्चीपाशी वाकले. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"नूपराम, तुला कळतं. खरं सांग. कोणी ढकलतंय का?"

बापू त्या चौघांच्या टाचांकडे आणि खांद्यांकडे बराच वेळ बघत राहिले. धनीरामच्या खांद्याकडे जरा जास्तच. दांडी तिथे दबली होती की उचलली होती, ते मला दिसलं नाही, मी आजही सांगू शकणार नाही. रथ हातभर अंतरावर येऊन थांबला.

"नाही," बापू म्हणाले. "कोणी ढकलत नाही."

कारदारांनी आईचा ढाठू फरशीवरून उचलला, झटकला आणि पुढच्या उजव्या दांडीला बांधला. मग ते वाटेच्या वरच्या टोकाशी गेले आणि खाली थांबलेल्यांना या म्हणून हात केला.